सीमेवरची लेखणी : होविता इदार

रिओ ग्रांदे ही उत्तर अमेरिका खंडातील एक मोठी नदी आहे. तिच्या उत्तर तीरावर लारेडो आणि दक्षिण तीरावर नुएव्हो लारेडो, म्हणजे नवे लारेडो, अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. पहिले गाव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास या राज्यात आहे, तर दुसरे मेक्सिको या देशात. १७५५ मध्ये स्पॅनिश अमदानीत लारेडोची स्थापना झाली, तेव्हा ही नदी कोणत्याही दोन देशांची सीमा नव्हती. पुढे १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध झाले. त्यात मेक्सिकोचा पराभव झाला आणि १८४८ च्या तहाने नदीचा प्रवाह हीच सीमा ठरली. उत्तर तीरावरची माणसे आपापल्या घरी बसल्या जागी दुसऱ्या देशाची झाली. ज्यांना मेक्सिकोचे नागरिक म्हणूनच राहायचे होते, त्यांनी नदी ओलांडून नवे गाव वसवले. जाताना त्यांनी आपल्या पूर्वजांच्या अस्थीही बरोबर नेल्या, असे तेथे सांगितले जाते. जे मागे राहिले, त्यांना तहाने नागरिकत्वाची आणि मालमत्तेच्या रक्षणाची हमी दिली होती. परंतु कागदावरची हमी आणि रोजचा व्यवहार यांत मोठे अंतर पडले. हे अंतर कमी करण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर लेखणी झिजवली, त्यांत होविता इदार यांचे नाव अग्रभागी आहे.

होविता यांचा जन्म ७ सप्टेंबर १८८५ रोजी लारेडो येथे झाला. आठ भावंडांत त्या दुसऱ्या. त्यांचे वडील निकासिओ इदार हे ‘ला क्रोनिका’ या स्पॅनिश साप्ताहिकाचे संपादक आणि प्रकाशक होते. वृत्तपत्राबरोबरच गावातील परस्पर साहाय्यक मंडळांच्या कामातही ते पुढाकार घेत. आजारपणात किंवा मृत्यूच्या प्रसंगी गरीब कुटुंबांना वर्गणीतून मदत करणारी ही मंडळे मेक्सिकन वस्त्यांचा मोठा आधार होती. इदारांच्या घरी पुस्तके होती, राजकारणावर चर्चा होत असे आणि छापखान्याच्या शाईचा वास तर मुलांच्या परिचयाचाच होता. त्या काळात मुलींना इतके मोकळे वातावरण क्वचितच लाभत असे. होविता स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषा लिहिण्या-बोलण्यात तरबेज झाल्या.

मात्र घराच्या भिंतीपलीकडचे जग वेगळे होते. १८८१ मध्ये लारेडोला रेल्वे पोहोचली. दक्षिण टेक्सासमध्ये रेल्वेच्या पाठोपाठ इंग्रजी भाषिक गोरे वसाहतकार मोठ्या संख्येने आले. मोठमोठी व्यापारी शेते उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारी अनेक मेक्सिकन कुटुंबे कोर्टकचेऱ्या, कर्ज आणि दांडगाई यांमुळे भूमिहीन होऊन त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबू लागली. मेक्सिकोतून कामाच्या शोधात येणाऱ्या स्थलांतरितांचीही त्यांत भर पडत होती. कित्येक गावांत मेक्सिकन वंशाच्या लोकांना उपाहारगृहांत आणि दुकानांत प्रवेश नसे. लारेडोत मेक्सिकन लोकांची बहुसंख्या होती, त्यामुळे तेथील जाच तुलनेने कमी होता. पण गावाबाहेर पाऊल टाकताच परिस्थिती किती कठीण आहे, हे होविता यांना लवकरच कळणार होते.

लारेडोतील मेथॉडिस्ट मिशनच्या शाळेत शिक्षण पूर्ण करून १९०३ मध्ये होविता यांनी शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले. त्यानंतर त्या लारेडोच्या पूर्वेस असलेल्या लोस ओहुएलोस या लहानशा वस्तीतील शाळेत शिकवू लागल्या. वयाची अठरा वर्षे नुकतीच पूर्ण होत होती. मनात उमेद होती आणि शिकवण्याची हौसही होती. परंतु शाळेत मुलांना पुरतील एवढी पुस्तके नव्हती. बसायला पुरेशी बाके नव्हती. थंडीच्या दिवसांत वर्ग ऊबदार ठेवण्याची सोय नव्हती. मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवायच्या आणि त्यांच्यावर खर्च मात्र करायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. एकटी शिक्षिका कितीही झटली, तरी रिकाम्या शाळेतून मुलांच्या हाती फारसे काही पडत नव्हते. वर्गात राहून हा प्रश्न सुटणार नाही, हे उमजल्यावर होविता यांनी नोकरी सोडली आणि त्या वडिलांच्या वृत्तपत्रात दाखल झाल्या. शाळा त्यांनी सोडली असली, तरी शिक्षणाचा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

‘ला क्रोनिका’मध्ये होविता यांच्यासोबत क्लेमेंते आणि एदुआर्दो हे त्यांचे भाऊही काम करत होते. होविता कधी स्वतःच्या नावाने, तर कधी टोपणनावाने लिहीत. ‘आस्त्रेआ’ हे त्यांचे एक टोपणनाव होते. आस्त्रेआ ही ग्रीक पुराणकथांतील न्यायाची देवता होय. ‘आवे नेग्रा’, म्हणजे काळा पक्षी, हे त्यांचे दुसरे टोपणनाव. त्या काळी वृत्तपत्रांत कवितेलाही मानाचे स्थान होते. कवयित्री सारा एस्तेला रामिरेझ यांच्या कविता ‘ला क्रोनिका’त प्रसिद्ध होत. रामिरेझ या मेक्सिकोतून लारेडोत येऊन शिक्षिका झालेल्या होत्या. कविता लिहिता लिहिताच त्या मजुरांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी भाषणे करत, नियतकालिके काढत. १९१० मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. साहित्य आणि समाजकार्य हे एकाच जीवनाचे दोन हात आहेत, याचा आदर्श होविता यांना या सहकारी स्त्रीच्या रूपाने अगदी जवळून पाहायला मिळाला होता.

१९१० आणि १९११ या दोन वर्षांत ‘ला क्रोनिका’ने टेक्सासमधील मेक्सिकन लोकांच्या स्थितीवर सातत्याने लेख प्रसिद्ध केले. मेक्सिकन मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळांतून वगळले जाते आणि त्यांच्यासाठी चालवलेल्या शाळा निकृष्ट असतात, हे या लेखांनी उदाहरणांसह दाखवून दिले. होविता यांनी भाषेचा प्रश्नही कळकळीने मांडला. शाळांत स्पॅनिश शिकवली जात नव्हती. नवी पिढी आपली भाषा आणि आपला इतिहास विसरू लागली होती. इंग्रजी शिकण्यास होविता यांचा विरोध नव्हता. त्या स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होत्या आणि ज्या देशात राहायचे त्या देशाची भाषा आलीच पाहिजे, हे त्यांना मान्य होते. परंतु मातृभाषा पुसून टाकून शिकवलेली दुसरी भाषा मुलाला आपल्याच आई-वडिलांविषयी लाज वाटायला लावते, हे त्यांनी ओळखले होते. दोन्ही भाषा मुलांना आल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

याच सुमारास दोन भीषण घटना घडल्या. नोव्हेंबर १९१० मध्ये रॉकस्प्रिंग्ज या गावी अंतोनिओ रोद्रिगेझ या वीस वर्षांच्या मेक्सिकन मजुराला जमावाने तुरुंगातून ओढून बाहेर काढले आणि जिवंत जाळले. त्याच्यावर खुनाचा आरोप होता, पण खटला चाललाच नव्हता. जून १९११ मध्ये थॉर्नडेल येथे अंतोनिओ गोमेझ या चौदा वर्षांच्या मुलाचाही जमावाने बळी घेतला. कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या देशात न्यायालयाऐवजी झुंड निवाडा करत होती. अनेकांनी भयाने मौन पत्करले. इदार कुटुंबाने मात्र आपल्या वृत्तपत्रातून या कृत्यांचा उघड निषेध केला. असे लिहिणाऱ्याच्या घरावर उद्या तोच जमाव चालून येऊ शकतो, याची त्यांना जाणीव नव्हती असे नाही.

नुसत्या लेखांनी भागणार नाही, लोकांनी एकत्र आले पाहिजे, या विचाराने निकासिओ इदार आणि त्यांच्या मुलांनी एक परिषद बोलावली. १४ ते २२ सप्टेंबर १९११ या काळात लारेडो येथे ही पहिली मेक्सिकन परिषद भरली. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असल्याने हे दिवस जाणीवपूर्वक निवडले होते. निरनिराळ्या गावांहून परस्पर साहाय्यक मंडळांचे प्रतिनिधी आले. झुंडशाही, शाळांतील भेदभाव, मजुरांची पिळवणूक, जमिनीचे हरण आणि मातृभाषेचे शिक्षण या विषयांवर चर्चा झाली. विशेष म्हणजे व्यासपीठावरून स्त्रियांनीही भाषणे केली आणि मुलींच्या शिक्षणाची मागणी केली.

परिषद संपल्यावर बहुतेक ठराव कागदावरच राहतात, असा सर्वत्र अनुभव आहे. लारेडोतील स्त्रियांनी तसे होऊ दिले नाही. ऑक्टोबर १९११ मध्ये त्यांनी ‘लिगा फेमेनिल मेक्सिकानिस्ता’ हा महिला संघ स्थापन केला आणि होविता त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. संघातील बऱ्याच जणी शिक्षिका होत्या. गरीब मुलांना त्यांनी विनामूल्य शिकवण्यास प्रारंभ केला. नाट्यप्रयोग आणि साहित्यिक कार्यक्रम करून निधी उभारला. त्यातून गरजूंना अन्न व वस्त्रे दिली जात. आठ वर्षांपूर्वी रिकाम्या शाळेपुढे हतबल झालेली तरुण शिक्षिका आता बरोबरीच्या स्त्रियांना सोबत घेऊन नवी शाळा उभी करत होती. स्त्री शिकली तर घर शिकते, ही होविता यांची श्रद्धा होती. स्त्रियांनी आपल्या श्रमावर उभे राहावे आणि आपले हक्क जाणून घ्यावेत, असे त्या लेखांतून सांगत. अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० मध्ये संमत झाली, पण होविता यांनी १९११ मध्येच त्या मागणीला पाठिंबा दिला होता.

त्या वेळी नदीच्या पलीकडे मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला होता. १९१० मध्ये सुरू झालेल्या या संघर्षात असंख्य माणसे देशोधडीला लागली आणि हजारो निर्वासित सीमा ओलांडून टेक्सासमध्ये येऊ लागले. मार्च १९१३ मध्ये नुएव्हो लारेडोवर क्रांतिकारक सैन्याने हल्ला केला. गोळीबाराचे आवाज लारेडोत ऐकू येत होते. तेव्हा लिओनोर व्हियेगास दे माग्नॉन यांच्यासोबत होविता आणि इतर काही स्त्रिया नदी ओलांडून जखमींच्या शुश्रूषेसाठी गेल्या. लिओनोर या लारेडोत बालवाडी चालवणाऱ्या शिक्षिका होत्या. त्यांच्या पुढाकाराने ‘ला क्रूझ ब्लांका’, म्हणजे श्वेत क्रॉस, ही सेवासंस्था उभी राहिली. होविता यांनी परिचारिका म्हणून या पथकाबरोबर उत्तर मेक्सिकोत प्रवासही केला. लेखणी धरणाऱ्या हातांनी रक्ताने भिजलेल्या जखमा बांधल्या. युद्धाची झळ सामान्य माणसाला किती बसते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

लारेडोला परतल्यावर होविता ‘एल प्रोग्रेसो’ या वृत्तपत्रात लिहू लागल्या. १९१४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मेक्सिकोच्या प्रश्नात लष्करी हस्तक्षेप केला. त्यांच्या धोरणावर टीका करणारा लेख ‘एल प्रोग्रेसो’त प्रसिद्ध झाला. हा लेख होविता यांचा नव्हता, त्यांच्या एका सहकाऱ्याचा होता. परंतु लेखामुळे अधिकारी संतप्त झाले आणि छापखाना बंद पाडण्यासाठी टेक्सास रेंजर्सचे लोक पाठवण्यात आले. रेंजर्स हे राज्याचे सशस्त्र पोलीस दल होते. मेक्सिकन वस्त्यांत त्यांच्या नावाची जबर दहशत होती. त्यांची चाहूल लागताच लोक वाट सोडून देत.

रेंजर्स छापखान्यापाशी आले तेव्हा दारात होविता उभ्या होत्या. हाती शस्त्र नव्हते आणि पाठीशी जमावही नव्हता. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य देशाच्या राज्यघटनेने दिलेले आहे आणि अशा रीतीने छापखाना बंद करणे बेकायदा आहे, हे त्यांनी त्या सशस्त्र माणसांना ठामपणे ऐकवले. त्या दारातून हलल्या नाहीत. त्यांना दूर लोटल्याशिवाय आत जाता येणार नव्हते. अखेर रेंजर्स परत फिरले.

हा विजय मात्र अल्पकाळच टिकला. होविता तेथे नाहीत अशी वेळ साधून रेंजर्स पुन्हा आले. त्यांनी दार फोडले, यंत्रांची मोडतोड केली, खिळे विखरून टाकले आणि तेथे काम करणाऱ्यांना अटक केली. ‘एल प्रोग्रेसो’ बंद पडला. दारातील त्या धैर्याने छापखाना वाचला नाही, हे खरे आहे. परंतु रेंजर्सना कोणीही अडवू शकत नाही, हा समज मात्र त्या दिवशी मोडला. ही आठवण इदार कुटुंबाने आणि लारेडोच्या लोकांनी पुढे जपून ठेवली.

होविता खचल्या नाहीत. त्याच वर्षी, १९१४ मध्ये, वडिलांचे निधन झाले आणि ‘ला क्रोनिका’ची जबाबदारी होविता व त्यांच्या भावांवर येऊन पडली. १९१६ मध्ये भावंडांनी ‘एव्होलुसिऑन’ हे नवे वृत्तपत्र सुरू केले. ते १९२० पर्यंत चालले. हा काळ अत्यंत बिकट होता. १९१५ पासून सीमाभागात बंडखोरांच्या हल्ल्यांचा बदला म्हणून मेक्सिकन वंशाच्या शेकडो लोकांची हत्या झाली. त्यांतील बहुतेकांचा त्या हल्ल्यांशी काही संबंध नव्हता. जानेवारी १९१८ मध्ये पोर्व्हेनिर या खेड्यातील पंधरा पुरुष आणि मुलांना रेंजर्स व त्यांच्या साथीदारांनी गोळ्या घातल्या. अखेर १९१९ मध्ये होसे कनालेस या मेक्सिकन वंशाच्या आमदाराच्या मागणीवरून रेंजर्सच्या वर्तनाची विधिमंडळात चौकशी झाली आणि दलाची संख्या कमी करण्यात आली. लारेडोच्या छोट्या छापखान्यांनी वर्षानुवर्षे जे छापले होते, ते आता राज्याच्या विधिमंडळात बोलले जात होते.

१९१७ मध्ये होविता यांचा विवाह बार्तोलो हुआरेझ यांच्याशी झाला आणि त्या सॅन अँटोनिओ शहरात राहू लागल्या. येथे त्यांच्या कार्याला शांत, पण तितकेच उपयुक्त वळण मिळाले. त्यांनी लहान मुलांसाठी विनामूल्य बालवाडी चालवली. आधीचे दिवस वर्तमानपत्रात गेले होते, आता दिवस इस्पितळाच्या ओसरीवर जाऊ लागले. सरकारी इस्पितळात येणाऱ्या स्पॅनिश भाषिक रुग्णांना आपले दुखणे इंग्रजीत सांगता येत नसे. कोठे दुखते आणि केव्हापासून दुखते, एवढेही डॉक्टरांना न कळल्यामुळे रुग्णाचे हाल होत. होविता दुभाष्याचे काम करू लागल्या. स्त्रियांना त्या बाळंतपण, बालसंगोपन आणि स्वच्छता यांविषयी माहिती देत. कागदपत्रांवाचून राहणाऱ्या स्थलांतरित कामगारांना नागरिकत्वाचे अर्ज भरून देण्यात त्या साहाय्य करत. राजकीय कार्यातही त्यांनी भाग घेतला आणि आपल्या लोकांना मतदानाचे महत्त्व पटवले. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेलेही पुष्कळ होते. अशा दिवसांत एका अर्जावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असे. अर्ज भरणाऱ्या व्यक्तीचे नाव इतिहासात नोंदले जात नाही, पण ज्याचे घर वाचते तो ते विसरत नाही.

होविता यांची भावंडेही याच मार्गाने चालत राहिली. क्लेमेंते यांनी मजुरांच्या संघटना बांधल्या. एदुआर्दो हे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त लॅटिन अमेरिकन नागरिक संघाच्या संस्थापकांपैकी एक होते. शाळांतील भेदभावाविरुद्ध या संघाने पुढे अनेक लढे दिले. होविता स्वतः अखेरच्या वर्षांत ‘एल एराल्दो क्रिस्तियानो’ या स्पॅनिश धार्मिक नियतकालिकाच्या संपादनाचे काम करत होत्या. जून १९४६ मध्ये सॅन अँटोनिओ येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर बरीच वर्षे त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. त्यांच्या सहकारी लिओनोर यांनी लिहिलेल्या आठवणींनाही हयातीत प्रकाशक मिळाला नाही. ते पुस्तक १९९४ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. १९६० नंतर अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी आपल्या हक्कांसाठी मोठी चळवळ उभारली. ते स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ आणि स्त्रिया ‘चिकाना’ म्हणवू लागल्या. या पिढीतील अभ्यासक आपल्या पूर्वसूरींचा शोध घेऊ लागले. तेव्हा ‘ला क्रोनिका’च्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या अंकांतून होविता पुन्हा त्यांच्यासमोर आल्या. चिकाना लेखिकांनी पुढे साहित्य आणि स्थलांतरितांचे हक्क यांची जी सांगड घातली, तिची एक जुनी वाट लारेडोच्या त्या छापखान्यातून गेलेली होती.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने होविता इदार यांच्या स्मरणार्थ पाव डॉलरचे नाणे काढले. नाण्यावरील त्यांच्या आकृतीत वस्त्रांच्या चुण्या कोरलेल्या नाहीत. त्या जागी त्यांनी ज्या वृत्तपत्रांत लिहिले आणि जे कार्य केले, त्यांची नावे आहेत. ज्या सत्तेच्या शस्त्रधारी माणसांपुढे त्या एकदा एकट्या उभ्या राहिल्या होत्या, त्याच देशाच्या चलनावर आज त्यांचे शरीर शब्दांनी घडलेले दिसते. मोडलेली यंत्रे आणि विखुरलेले खिळे कोणी पुन्हा गोळा केले नाहीत. परंतु त्या खिळ्यांनी छापलेले शब्द वाचणारी माणसे उरली आणि त्यांनी आपल्या मुलांना वाचायला शिकवले. होविता इदार यांना याहून वेगळे स्मारक हवे असते, असे त्यांच्या जीवनाकडे पाहून वाटत नाही.